विश्लेषण : ब्रिटनमध्ये निवडणुकीच्या तोंडावर पक्षांतरे का? पक्ष बदलणाऱ्यांचे पुढे काय होते?

ब्रिटनमध्ये ४ जुलै २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा सलग १४ वर्षे सत्तेत असलेल्या हुजूर पक्षातून निवडणुकीआधीच्या काही महिन्यांत काही खासदार बाहेर पडले. मजूर पक्षाकडे गेलेल्या तिघांना तर ही निवडणूक लढवायचीच नव्हती. मग त्यांच्या पक्षांतराने कोणाला काय मिळाले आणि मतदारांनी त्याचा जाब कुठे विचारायचा?

कोणी पक्ष बदलला?

सुरुवात ली अँडरसन यांच्यापासून झाली. हुजूर पक्षाचे उपाध्यक्ष राहिलेले अँडरसन हे ॲशफील्डचे खासदार. लंडनचे महापौर सादिक खान यांच्यावर इस्लामवाद्यांचा ताबा असल्याचे विधान केल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना पक्षातून निलंबित करण्यात आले. ११ मार्चला ते ‘रिफॉर्म यूके’मध्ये गेले आणि त्या पक्षाचे पहिले खासदार ठरले. २७ एप्रिलला माजी आरोग्य राज्यमंत्री डॅन पोल्टर मजूर पक्षात आले. ८ मे रोजी पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांना काही मिनिटे उरली असताना डोव्हरच्या नॅटली एल्फिक विरोधी बाकांवर जाऊन बसल्या. ऋषी सुनक यांनी २२ मे रोजी निवडणूक जाहीर केल्यानंतर, ३० मे रोजी बोल्टन नॉर्थ ईस्टचे मावळते खासदार मार्क लोगन यांनीही मजूर पक्षाला पाठिंबा दिला. टेलफर्डच्या लूसी ॲलन यांनी स्वपक्षाचा उमेदवार सोडून ‘रिफॉर्म’च्या उमेदवाराची बाजू घेतली.

सत्ताधारी पक्षाला गळती का?

निवडणुकीआधीच्या जनमत चाचण्यांत मजूर पक्ष सुमारे २० टक्क्यांनी पुढे होता. २ मेच्या स्थानिक निवडणुकांत हुजूर पक्षाने साडेचारशेहून अधिक जागा गमावल्या. त्याच दिवशी झालेली ब्लॅकपूल साउथची पोटनिवडणूकही मजूर पक्षाने जिंकली. पराभव दिसू लागला की काही जण उगवत्या सूर्याला नमस्कार करतात, बहुतेक जण मात्र निवृत्ती पत्करतात. हुजूर पक्षाचे ७० हून अधिक खासदार त्या वेळी रिंगणात नव्हते. त्या तुलनेत पक्षांतर करणाऱ्यांची संख्या अगदीच किरकोळ होती.

गळती दोन्ही दिशांनी होती, ही सुनक यांची खरी अडचण. आरोग्यसेवेच्या अवस्थेवर नाराज असलेले मध्यममार्गी मजूर पक्षाकडे पाहत होते, तर स्थलांतराच्या मुद्द्यावर सरकार मवाळ वाटणारे ‘रिफॉर्म’कडे. एका गटाला थोपवण्यासाठी उचललेले पाऊल दुसऱ्या गटाला दूर लोटत होते.

निवडणूक लढवायची नसताना पक्ष का बदलला?

पोल्टर आणि एल्फिक यांच्या येण्याने संसदेतील गणित बदलले नाही. मजूर पक्षाला हवे होते ते साक्षीदार. सुनक यांनी जानेवारी २०२३ मध्ये पाच आश्वासने दिली होती. आरोग्यसेवेची प्रतीक्षा यादी कमी करणे आणि छोट्या होड्यांतून होणारे स्थलांतर रोखणे ही त्यांतली दोन. पोल्टर स्वतः सरकारी आरोग्यसेवेत काम करणारे डॉक्टर आहेत. फ्रान्सहून निघणाऱ्या होड्या पोहोचतात त्या केंटच्या किनाऱ्यावरचा मतदारसंघ म्हणजे एल्फिक यांचे डोव्हर. सत्ताधारी पक्षातल्याच डॉक्टरने आरोग्यसेवेबद्दल आणि डोव्हरच्या खासदाराने होड्यांबद्दल सरकार अपयशी ठरल्याचे सांगितले. हेच विरोधकांनी शंभर वेळा सांगितले असते, तरी त्याला इतके वजन आले नसते. एल्फिक यांच्या प्रवेशानंतर दोनच दिवसांनी मजूर पक्षाचे नेते किएर स्टार्मर यांनी डोव्हरजवळच्या डील येथे सीमासुरक्षेची योजना मांडली, हा योगायोग नव्हता.

मजूर पक्षात नाराजी का?

पोल्टर यांचे स्वागत झाले, एल्फिक यांच्यावरून मात्र कुरबुर झाली. त्या हुजूर पक्षाच्या उजव्या फळीतल्या आणि मजूर पक्षाच्या सीमाधोरणावर सातत्याने टीका करणाऱ्या. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माजी पतीची बाजू घेणाऱ्या जुन्या विधानांबद्दल त्यांना प्रवेशाच्या दुसऱ्याच दिवशी माफी मागावी लागली.

नाराजीला आणखी एक कारण होते. ब्रिटनच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला खासदार डायन ॲबट एप्रिल २०२३ पासून मजूर पक्षातून निलंबित होत्या. त्यांचे निलंबन २८ मे २०२४ रोजी मागे घेण्यात आले. घरच्या ज्येष्ठ खासदाराला वर्षभर उंबऱ्याबाहेर ठेवायचे आणि कालच्या विरोधकाला थेट घरात घ्यायचे, यातून कार्यकर्त्यांना काय संदेश जातो, असा प्रश्न विचारला गेला. प्रत्येक पक्षांतराने स्वीकारणाऱ्या पक्षालाही स्वतःची ओळख थोडी पातळ करावी लागते, ती अशी.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदा नाही. खासदारकी व्यक्तीची, पक्षाची नव्हे, हे तेथील जुने तत्त्व. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचे नाव छापले जाऊ लागले तेच मुळी १९७० च्या निवडणुकीपासून. पक्षादेश मोडला तर पक्ष निलंबित करू शकतो. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी एकाच दिवशी २१ खासदारांना दूर केले. पण त्यांची खासदारकी कायम राहिली. खासदाराला परत बोलावण्याचा २०१५ चा कायदा आहे, तो तुरुंगवास, सभागृहातून निलंबन आणि भत्त्यांतील गैरव्यवहार या कारणांसाठी. पक्षांतर त्यात बसत नाही. ते बसवावे अशा विधेयकाला काही वर्षांपूर्वी पाठिंबा देणाऱ्यांत ली अँडरसन होते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी पोटनिवडणूक टाळली.

भारतात १९८५ पासून दहाव्या परिशिष्टानुसार पक्ष सोडणाऱ्याचे सदस्यत्व जाते. तरीही गटाने होणारे पक्षांतर थांबत नाही, हे महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये पाहिले. शिवाय, पक्षादेशाविरुद्ध मत देण्याची जी मोकळीक ब्रिटिश खासदाराला आहे, ती या कायद्यामुळे भारतीय खासदाराला उरत नाही.

मतदार काय करतात?

कायदा गप्प असला तरी मतदार सहसा गप्प बसत नाहीत. १९८१-८२ मध्ये मजूर पक्षाचे २८ आणि हुजूर पक्षाचा एक खासदार नव्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेले. १९८३ मध्ये त्या पक्षाला सहाच जागा मिळाल्या. २०१९ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांतून बाहेर पडून ‘चेंज यूके’ स्थापन करणाऱ्या ११ खासदारांपैकी त्या वर्षअखेरच्या निवडणुकीनंतर एकही संसदेत परतला नाही.

टिकले ते बहुतेक मोठ्या पक्षाच्या सुरक्षित मतदारसंघाच्या आधाराने. शॉन वुडवर्ड १९९९ मध्ये हुजूर पक्षातून मजूर पक्षात आले. २००१ मध्ये त्यांना जुना विटनी मतदारसंघ सोडून मजूर पक्षाच्या सेंट हेलेन्स साउथमध्ये जावे लागले. विटनीतून तेव्हा डेव्हिड कॅमेरून प्रथम निवडून आले. विन्स्टन चर्चिल १९०४ मध्ये लिबरल पक्षात जाऊन दोन दशकांनी हुजूर पक्षात परतले, पण तो अपवाद.

सरळ मार्ग फार थोड्यांनी धरला. २०१४ मध्ये ‘यूकिप’मध्ये जाताना डग्लस कार्सवेल आणि मार्क रेकलेस यांनी राजीनामे देऊन पोटनिवडणुका लढवल्या आणि जिंकल्या. पुढच्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत कार्सवेल टिकले, रेकलेस हरले.

२०२४ मध्ये कसोटी कोणाची?

ॲशफील्डमध्ये अँडरसन ‘रिफॉर्म’तर्फे उभे होते. जानेवारी २०२२ मध्ये हुजूर पक्ष सोडणारे ख्रिश्चन वेकफर्ड बरी साउथमधून मजूर पक्षाचे उमेदवार होते. २०१९ मध्ये ते अवघ्या ४०२ मतांनी जिंकले होते. ३ जूनला ‘रिफॉर्म’ची सूत्रे हाती घेणारे नायजेल फराज यांनी कार्सवेल यांचाच जुना क्लॅक्टन मतदारसंघ निवडला होता. मजूर पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन इस्लिंग्टन नॉर्थमधून अपक्ष लढले. या चौघांना मतदारांनी थेट उत्तर दिले.

पोल्टर यांना २०१९ मध्ये २३ हजारांहून अधिक, तर एल्फिक यांना १२ हजारांहून अधिक मताधिक्य मिळाले होते. ती मते हुजूर पक्षाची होती. ३० मे रोजी संसद विसर्जित झाली तेव्हा एल्फिक यांना मजूर पक्षात जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्यांना मत देणाऱ्या डोव्हरकरांना या निर्णयावर कौल देण्याची संधी कायद्याने दिली नाही, आणि एल्फिक रिंगणात नसल्याने ती मतपेटीतूनही मिळाली नाही. मतदारच पक्षांतराचा न्याय करतात, ही ब्रिटिश व्यवस्थेची भिस्त. पक्ष बदलणारा मतदारांसमोर जाणारच नसेल, तर ती तिथेच संपते.