मारकुटे कोण?

परवा डिचोलीला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये दोन फुटी टाकी, आत पिवळे-निळे आफ्रिकन सिक्लिड. आणि फिल्टरच्या मागे शेपटी कुरतडलेला एक जण लपून उभा. "भारीच मारकुटे निघाले हो!" स्नेही म्हणाले.

मला माझी पहिली टाकी आठवली. मीही असेच ऑरेटस आणले होते. लहानपणी सगळेच पिवळे, काळ्या पट्ट्यांचे. त्यातला एक नर वयात आला, काळा पडला आणि दोन महिन्यांत त्याने चार सोबती संपवले. मी त्याला गुंड म्हणायचो. आता म्हणवत नाही.

हे मासे मलावी सरोवरातले. तिथे त्यांना म्बुना म्हणतात. सरोवर पाचशे किलोमीटरहून लांब, पण हा मासा खडक सोडून फारसा जात नाही. दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि आपल्या कपारीपाशी दुसरा नर आला की त्याला हाकलायचं. हाकललेला पळतो, विषय संपतो. दोन फुटांच्या काचेत तो पळणार कुठे?

टाकीत मासे जास्त भरले की मार वाटला जातो, हा शौकिनांचा जुना तोडगा. तो लागू पडतो, नाही असं नाही. पण टाकी निदान चार फुटी हवी, फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला पाणी बदलायचा कंटाळा नको. नाहीतर माराने वाचलेले घाण पाण्याने मरतात. दगड मात्र भरपूर रचा, तेही आधी तळाशी पक्के बसवून मग वाळू घाला. हे मासे वाळू उकरतात, वर ठेवलेला दगड कोसळतो. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा.

आणखी एक, आपल्याकडच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी हलकं, आंबटाकडे झुकणारं. यांना जड, क्षारयुक्त पाणी लागतं. फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा घातला तर फरक पडतो.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते मादीचं. ती अंडी आणि नंतर पिल्लं सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते, त्या काळात जवळजवळ उपाशी असते. सतत पाठलाग झाला तर ती अंडी टाकून देते, कधी गिळूनही टाकते.

हे सगळं स्नेह्यांना सांगितलं, मासे परत करा किंवा टाकी बदला म्हटलं. त्यांनी शोकेसकडे पाहिलं. "चार फुटी यात बसायची नाही," म्हणाले.