बंद झालेल्या गाडीचे सुटे भाग

मोटारगाडी हा साहित्यचर्चेचा विषय नव्हे, आणि हौसेखातर घेतलेली दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार तर नव्हेच, असे आमच्या बहुतेक वाचकांना वाटेल. तरीही तो येथे मांडावासा वाटतो. वस्तू टिकते ती कशाने, हा प्रश्न बंद झालेल्या गाडीचा एखादा भाग शोधताना जितका स्वच्छ दिसतो तितका ग्रंथालयात बसून क्वचितच दिसतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : वस्तू घडवणाऱ्याने ती घडवणे थांबवले, की तिची रेखाटने, मापे आणि भागांची यादी सार्वजनिक ठिकाणी जमा झाली पाहिजेत. पुस्तकांच्या बाबतीत आपण हे तत्त्व कधीच मान्य केले आहे. यंत्रांच्या बाबतीत अद्याप नाही.

उदाहरण आपल्याच मुलखातले घेऊ. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची छोटी, दोन आसनांची गाडी गोव्यात तयार होऊ लागली. तिचे अंग पत्र्याचे नव्हते, फायबरचे होते. इंजिन रेनॉचे, ११४९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे. गाडी फार थोड्या संख्येने बनली आणि पुढे बनायची थांबली. आज ती ज्याच्या दारात उभी आहे त्याच्या दृष्टीने सुटा भाग विकत घेणे म्हणजे दुकानात जाणे नव्हे. ते एक संशोधनच आहे.

या संशोधनाचे तीन पदर आहेत. पहिला इंजिनाचा, आणि तोच त्यातल्या त्यात सोपा. हेच इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगो या खूप खपलेल्या गाड्यांत होते; त्यामुळे टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, गॅस्केट असे भाग परदेशातून मागवता येतात. मात्र विक्रेता प्रथम चेसिस क्रमांक विचारतो, आणि गोव्यात बनलेल्या गाडीचा क्रमांक रेनॉच्या यादीत असण्याचे कारण नाही. तेव्हा गाडीचे नाव विसरून इंजिनावर कोरलेला संकेत वाचायचा, त्यावरून भागाचा क्रमांक काढायचा, आणि मग मालाच्या किमतीवर वाहतूक व आयातशुल्क मोजायचे. दुसरा पदर अंगाचा. फायबरचा तुटलेला दरवाजा बाजारात मिळत नाही, पण तो करता येतो : शाबूत दरवाजावरून साचा घ्यायचा, त्यात काचतंतूंची चटई आणि राळ यांचे थर द्यायचे. फायबरच्या होड्या बांधणाऱ्या कारागिराला हे काम नवे नाही. तिसरा पदर सर्वांत अवघड : पुढची वक्र काच, दिव्यांची भिंगे, दाराच्या मुठी, रबरी पट्ट्या. कमी संख्येने गाड्या बनवणारा कारखाना असल्या वस्तू स्वतः घडवत नाही. इतर गाड्यांच्या घेतो. कोणती मूठ कोणत्या गाडीची, हे लिहिलेला कागद हाती असेल तर काम एका दिवसाचे. नसेल तर वर्षे जातात. पुढच्या काचेची गत याहून वाईट, कारण एकाच काचेसाठी नवा साचा करून देणे कोणत्याही कारखान्याला परवडत नाही.

याउलट प्रीमियर पद्मिनीकडे पाहावे. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडणे थांबले त्याला पाव शतक होऊन गेले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. तरी पद्मिनीचा भाग शोधणाऱ्याला निदान कुठे विचारावे हे ठाऊक असते : कुर्ल्याचा भंगारबाजार, पुण्याची नाना पेठ, गावोगावचे जुने मिस्त्री. हजारो टॅक्सीवाल्यांच्या रोजच्या गरजेने ते ज्ञान जिवंत ठेवले. पद्मिनी टिकली ती अनेक प्रतींमुळे आणि अनेक हातांमुळे. स्टॉर्मला ना प्रती लाभल्या, ना हात.

येथे साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीची खूण पटावी. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथानंतर सुमारे तीनशे वर्षांत तिच्यात अपपाठ शिरले होते. एकनाथांनी केले ते एका अर्थी दुरुस्तीचेच काम : जो भाग झिजला वा बदलला गेला, तिथे मूळचा भाग शोधून बसवायचा, आपल्या पदरचा घालायचा नाही. पुढे कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. हे शक्य झाले, कारण ज्ञानेश्वरीची नक्कल करण्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. पोथ्या कुलपात असत्या, किंवा एकच पोथी असती आणि ती गहाळ झाली असती, तर एकनाथांची सारी साक्षेपी वृत्ती व्यर्थ गेली असती. पाठचिकित्सेला बुद्धी लागते हे खरे. पण त्याआधी साधने लागतात.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले. तेव्हा आमच्याकडचेही एक उदाहरण देतो. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. तिथल्या हातमागाचे ‘मॉडेल’ कधी बंद होत नाही. धोटा झिजला, मागाचे एखादे लाकूड तडकले, तर सुताराला जुना नग दाखवला की पुरते. मापे कोणाच्या मालकीची नाहीत. याचा अर्थ आंधळगावात सारे आलबेल आहे असा मुळीच नाही. माग दुरुस्त होतो. विणकराची मिळकत तशी दुरुस्त होत नाही, आणि विणकराचा मुलगा दुसरे काम शोधतो ते धोटा मिळत नाही म्हणून नव्हे. पण निदान यंत्राने त्याला दगा दिलेला नाही. ज्या वस्तूचे ज्ञान सर्वांचे असते ती वस्तू तिच्या कर्त्यानंतरही चालते, एवढाच धडा येथून घ्यायचा.

कायदा या प्रश्नाच्या आसपास फिरतो, मध्यभागी येत नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजाराला नाकारल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस संकेतस्थळही उघडले. ही पावले स्वागतार्ह आहेत, पण ती चालू असलेल्या उत्पादकांना बोलते करतात. जो उत्पादक उरलाच नाही, किंवा ज्याने ती गाडी सोडून दिली, त्याला कोण विचारणार? २०२१ चे ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम ५० वर्षांहून जुन्या गाडीलाच तो मान देतात, आणि तिचे मूळ रूप फारसे बदललेले नसावे अशी अटही घालतात. पंचवीस वर्षांच्या गाडीने आणखी पंचवीस वर्षे मूळ रूपात राहावे, पण मूळ भाग मात्र तिला मिळू नयेत, असा हा पेच आहे.

दोन आक्षेप येतील. पहिला, ही श्रीमंतांची हौस आहे. असेल, पण जो नियम स्पोर्ट्‌स कारला तोच शेतकऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरला आणि वृद्धाच्या कानातल्या यंत्राला. आपल्या क्षेत्रातही तेच आहे : युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या मराठी मजकुराच्या फायली आज उघडल्या तर अक्षरांऐवजी खुणांचा कचरा दिसतो, कारण त्या फाँटचा तक्ता हाताशी नसतो. दुसरा आक्षेप बौद्धिक मालकीचा. त्याला उत्तर कायद्यातच आहे. २००० च्या डिझाइन्स अधिनियमानुसार नोंदलेल्या आकृतीला फार तर १५ वर्षे संरक्षण मिळते, पेटंटला २० वर्षे. ती मुदत सरल्यावर भाग बनवण्याची मुभा सर्वांना आहे. नसते ते फक्त माप. हक्क आहे आणि साधन नाही, अशी ही स्थिती.

म्हणून आम्ही नवे काही मागत नाही. जुनेच तत्त्व पुढे न्यावे म्हणतो. १९५४ च्या अधिनियमाने प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या इतर ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले. पुस्तक खपो वा न खपो, प्रकाशनसंस्था राहो वा बुडो, एक प्रत कुठेतरी असावी हा त्यामागचा विचार. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीची भागांची यादी आणि मापेही तशीच जमा करून घ्यावीत. संरक्षणाची मुदत संपेपर्यंत बंद ठेवावीत आणि नंतर खुली करावीत. त्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने नगण्य असेल. एवढे झाले तर पुढच्या काळातल्या एखाद्या स्टॉर्मचा मालक निदान काचेच्या कारखान्यात रिकाम्या हाताने जाणार नाही.