सूर आणि भाकरी

गेल्या लगीनसराईत माझ्या एका मित्राच्या बहिणीचे लग्न होते. आम्ही वर्गातले सात-आठ जण इस्त्रीचे कपडे घालून मांडवाच्या दारात उभे होतो. वरात आली. वरातीपुढे बँड होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. आणि पहिल्या रांगेत क्लॅरिनेट वाजवणारा माणूस म्हणजे माझे वडील होते.

त्यांनी मला पाहिले. मीही त्यांना पाहिले. शेजारचा मित्र म्हणाला, "काय फुंकतोय रे तो म्हातारा!" मी हसलो, आणि वडिलांना ओळख न देता मांडवात शिरलो. त्या दिवशी मला जेवण गेले नाही असे लिहिले, तर ते खोटे होईल. मी पोटभर जेवलो. बँडवाले मात्र पंगती उठेपर्यंत बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून होते.

हा लेख त्या दिवसाची भरपाई म्हणून लिहिलेला नाही. अशी भरपाई होत नसते. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

आपल्याकडे स्नेहसंमेलन असो की वक्तृत्वस्पर्धा, कलेवर बोलणारा वक्ता एक वाक्य हमखास म्हणतो, "आमचा कलावंत सातासमुद्रापार गेला आणि त्याने नाव काढले!" आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या आहेत. पण मित्रहो, नाव काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कलावंत काय करतो, हे आपण कधी विचारले आहे काय? तो राहतो कुठे, घरभाडे कशातून देतो, आजारी पडला तर कोण बघतो? टाळ्या सातासमुद्रापार ऐकू येतात. भाकरीचा आवाज मात्र येत नाही.

माझ्या मनात हा प्रश्न घातला तो वडिलांनी. एका रात्री मी त्यांना मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात एक माणूस क्लॅरिनेट वाजवत होता. मला वाटले, वडील सुरांवर काही बोलतील. त्यांनी विचारले, "त्यो उभा हाय तिथं भुईवर अर्धा गोल कशापायी काढलाय रं? आन् तिथं वाजवायला कुणाला इचारावं लागतं का?" मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवसापासून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि संगणकावर मी तो अर्धा गोल शोधू लागलो.

उत्तर असे आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत वाजवणे पूर्वी गुन्हा होता. २००३ सालापासून तिथे रीतसर परवान्याची योजना आहे. वादकाची चाचणी होते. निवड झाली की परवाना मिळतो. मग ठरलेल्या जागी, जमिनीवर आखलेल्या त्या अर्धगोलात, ठरलेल्या वेळी दोन तास वाजवायचे. दोन तास संपले की दुसऱ्याची पाळी. रेल्वे त्याला पगार देत नाही. येणारे-जाणारे टाकतील तेवढेच त्याचे. पण कोणी शिपाई येऊन त्याला हाकलत नाही. लोकांच्या खिशातली नाणी कमी होत गेली, तेव्हा २०१८ साली लंडनच्या महापौरांच्या पुढाकाराने रस्त्यावरच्या वादकांसाठी कार्ड टेकवून पैसे घेण्याची यंत्रेही आली.

पॅरिसमध्ये तर १९९७ पासून मेट्रो चालवणारी संस्थाच वादकांची परीक्षा घेते आणि सुमारे तीनशे जणांना परवाना देते. केझिया जोन्स हा नायजेरियातल्या लागोस शहरात जन्मलेला गिटारवादक लंडनच्या रस्त्यांवर आणि पॅरिसच्या मेट्रोत वाजवत असे. १९९२ साली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पण मेट्रोत वाजवणारा प्रत्येक जण केझिया जोन्स होत नाही. बहुतेकांचा दिवस त्या दोन तासांनी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या दोन तासांकडे डोळे लावून संपतो.

कोणत्याही कंपनीच्या बांधिलकीशिवाय, स्वतःच्या हिमतीवर परदेशात राहणाऱ्या संगीतकाराचा दिवस सकाळच्या रियाझाने सुरू होतो, अशी आपली गोड समजूत असते. वास्तविक तो पत्रव्यवहाराने सुरू होतो. लहानमोठ्या सभागृहांना, उपाहारगृहांना, उत्सवांच्या चालकांना पत्रे लिहायची. दहा पत्रांना एक उत्तर आले तरी देव पावला म्हणायचे. मग हिशेब, कराचे कागद. दुपारी कुणाच्या तरी मुलांना शिकवायचे, कारण मैफल हुकली तरी शिकवणीचे पैसे येतात. संध्याकाळी वाद्य आणि ध्वनिवर्धक स्वतःच्या पाठीवर घेऊन गाडी पकडायची. रात्री दाराशी जमलेल्या तिकिटांच्या पैशांतला वाटा घेऊन, शेवटची गाडी चुकली नाही तर, घरी यायचे.

आणि रियाझ? त्यालाही परवानगी लागते! जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात एका ट्रम्पेटवादकाच्या घरातल्या रियाझावरून शेजाऱ्यांनी खटला भरला. तो तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. २०१८ साली न्यायालयाने सांगितले की, घरात वाद्य वाजवणे हा माणसाच्या सामान्य जीवनाचाच भाग आहे आणि त्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही. मात्र कामाच्या दिवशी दोन ते तीन तास आणि सुटीच्या दिवशी एक ते दोन तास, असा अंदाज न्यायालयाने घालून दिला. धंद्याने वादक असलेल्या माणसालाही घरात यापेक्षा अधिक हक्क नाही. हे वाचून मला आमचे घर आठवले. वडील रात्री रियाझ करतात तेव्हा क्लॅरिनेटच्या तोंडात फडके कोंबतात. आमच्या आळीत न्यायालय नाही, पण शेजारी आहेत.

आता ध्वनिमुद्रण घरबसल्या करता येते आणि इंटरनेटवरून जगभर पोचवता येते, मग अडचण कसली, असे माझे काही मित्र म्हणतात. गाणे पोचते हे खरे. पैसा पोचतो का? स्पॉटिफाय या कंपनीने २०२४ पासून नियम केला की, ज्या गाण्याला मागील बारा महिन्यांत एक हजार श्रोते-फेऱ्या मिळाल्या नाहीत, त्याला मानधन नाही. म्हणजे नऊशे नव्याण्णव वेळा ऐकले गेलेले गाणे फुकट! नवख्या माणसाला उंबरठ्याबाहेर बसवण्याची रीत मला अनोळखी वाटली नाही.

परकेपणाची गोष्ट तर याहून कडू आहे. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पदवीच्या सत्रात आठवड्याला वीस तासांपर्यंत नोकरी करता येते. तो हॉटेलात भांडी घासू शकतो. पण स्वतंत्र व्यवसाय त्याला करता येत नाही, आणि व्यावसायिक कलावंत म्हणून काम करण्यासही मनाई आहे. म्हणजे हात पाण्यात घातला तर कायदेशीर, तारेवर ठेवला तर बेकायदा! अमेरिकेत कलावंताच्या व्हिसाचा एक प्रकार 'असामान्य क्षमता' असणाऱ्यांसाठी आहे. ती क्षमता कात्रणे, करार आणि शिफारशी यांच्या चळतीने सिद्ध करावी लागते. ज्याचे नाव अजून कुठे छापून आले नाही त्याने काय दाखवावे? आणि खुद्द ब्रिटिश वादकांनाही आता युरोप परका झाला आहे. १ जानेवारी २०२१ पासून त्यांना तिथल्या बहुतेक देशांत मिळून दर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि पैसे घेऊन वाजवायचे तर प्रत्येक देशाचा नियम वेगळा.

ही कथा आजची नाही. बडोद्यात जन्मलेले गायक-वीणावादक इनायत खान १९१० साली आपला भाऊ आणि चुलतभाऊ यांच्यासह अमेरिकेला गेले. आज जग त्यांना सूफी गुरू म्हणून ओळखते. पण आरंभी पोटासाठी त्यांनी रूथ सेंट डेनिस या अमेरिकन नर्तिकेच्या दौऱ्यात साथसंगत केली. लोक नाच पाहायला येत; बडोद्याचे सूर पडद्यामागचे. मुंबईचे तबलावादक केशव साठे १९५६ साली लंडनला गेले आणि तिथलेच झाले. जो हॅरियट हा जमेकाचा सॅक्सोफोनवादक आणि जॉन मेयर हा कलकत्त्याचा संगीतकार यांनी १९६६ साली जॅझ आणि भारतीय संगीत एकत्र आणणारी जी ध्वनिमुद्रिका काढली, तिच्यात तबला साठ्यांचा आहे. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे? मी तरी यंदाच ऐकले. आपण म्हणतो 'नाव काढले', आणि नाव मात्र लक्षात ठेवत नाही!

मग परदेशात सगळाच अंधार आहे काय? नाही; आणि माझ्या लेखाचा मुद्दा इथेच आहे. जर्मनीने १९८१ साली कायदा केला आणि १९८३ पासून तो अमलात आला. त्यानुसार स्वतंत्र कलावंताने आपल्या आरोग्यविम्याच्या आणि निवृत्तिवेतनाच्या हप्त्याचा अर्धाच वाटा भरायचा. उरलेल्या अर्ध्यातला काही भाग सरकार देते आणि काही भाग कलावंतांच्या कामाचा उपयोग करणारे उद्योगधंदे देतात. तिथे राहून रीतसर काम करणारा परदेशी वादकही त्यात बसू शकतो. फ्रान्समध्ये बारा महिन्यांत ५०७ तासांचे काम नोंदले गेले की, दोन कामांमधल्या रिकाम्या दिवसांसाठी कलावंताला बेकारी भत्त्याचा हक्क मिळतो. या ५०७ तासांवरून तिथे संप झाले आहेत, मोर्चे निघाले आहेत. ते तास जमवता जमवता वादकाचा जीव मेटाकुटीला येतो, हेही खरे. तरी पण कोणीतरी त्याचे तास मोजतो! वाजवणे हे काम आहे, आणि काम नसलेला दिवस हा त्याचा गुन्हा नाही, एवढे तिथल्या कायद्याला कळले आहे.

यावर माझ्या एका विद्वान मित्राने आक्षेप घेतला. तो म्हणाला, "कला ही साधना आहे. तास मोजलेस की ती मजुरी झाली." त्याचे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. मला वाटते, साधना साधकाने करायची असते; ऐकणाऱ्याने त्या शब्दाआड लपून हिशेब चुकवायचा नसतो. शेतकऱ्याचेही मातीवर प्रेम असते, म्हणून कोणी त्याची ज्वारी फुकट मागत नाही. आणि 'मजुरी' या शब्दाची एवढी भीती ज्याच्या घरी कोणी मजुरी केली नाही त्यालाच वाटते. माझी आई रोजंदारीवर भांगलायला जाते. मला ती भीती नाही.

आपल्याकडे काय आहे? वृद्ध कलावंतांसाठी शासनाचे मानधन आहे; ते चांगलेच आहे. पण ते बोटे थकल्यावर. बोटे चालतात त्या वर्षांचे काय? २०२० साली टाळेबंदीत चैत्र-वैशाखाची सगळी लग्ने बुडाली. वडिलांनी ज्या सुपाऱ्या घेतल्या होत्या त्यांचा इसार लोकांनी परत मागितला. कागद नव्हता, करार नव्हता. तोंडचा शब्द होता आणि तो एकाच बाजूने पाळायचा होता. क्लॅरिनेट चार महिने खुंटीला होते आणि वडील वीटभट्टीवर. त्यांचे तास कोणी मोजले नाहीत.

मी जर्मनीचा कायदा महाराष्ट्रात आणा असे म्हणण्याइतका मोठा नाही. मी माझ्या महाविद्यालयापुरते बोलतो. येत्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या स्वागताला जो बँड किंवा सनई-चौघडा येईल, त्याची बिदागी आधी कागदावर लिहून द्यावी. कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्यांची नावे छापतो, तशी वादकांचीही छापावीत. आणि जेवायला त्यांना आपल्याच पंगतीला बसवावे. याला अनुदान लागत नाही, ठरावही लागत नाही.

गेल्या आठवड्यात मी वडिलांना तो अर्धा गोल समजावून सांगितला. परवाना, चाचणी, दोन तासांची पाळी, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे तिथंबी पैसा लोकांच्या मर्जीवरच. पर उभं राहायची जागा तेवढी आपली."

मग थोडे थांबून, माझ्याकडे न पाहता, क्लॅरिनेट पुसता पुसता म्हणाले, "त्या दिशी लग्नात तू हुतास न्हवं?"

मी म्हणालो, "होय बाबा. मी होतो."

हे उत्तर द्यायला मला आठ महिने लागले. ते आज मी सर्वांसमक्ष पुन्हा देतो. वरातीपुढे क्लॅरिनेट वाजवणारा तो माणूस माझा बाप आहे.

— द्वितीय वर्ष, कला