बंदूक हा हक्क नव्हे; मग परवाना कोणाच्या कमरेला?

अमेरिकेच्या नागरिकाला बंदूक बाळगण्याचा घटनात्मक हक्क आहे, मग आपल्याला का नाही, असा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांतले आपले तरुण कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रागातून येतो आणि राग खोटा नाही. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळ्या सुटल्या. सत्ताधारी भाजपचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी सत्तेतल्याच शिंदे गटाच्या महेश गायकवाड यांच्यावर त्या झाडल्या, असा गुन्हा नोंद झाला. आमदारांनी वृत्तवाहिनीला तसे स्वतःच सांगितले. वाद द्वारली गावच्या जमिनीचा. शस्त्र परवान्याचे! दोषाचा निवाडा न्यायालयाचा. आमचा मुद्दा परवान्याचा आहे.

आधी कायदा पाहू. आपल्या संविधानात शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही. कलम १९ एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देते, तेही शांततेने व विनाशस्त्र. शीख बांधवांचे कृपाण कलम २५ मध्ये धर्मस्वातंत्र्य म्हणून येते. बाकी सारे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्यावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजेंद्र सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेशी तुलना करून हेच सांगितले.

हे चुकून राहून गेलेले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हा हक्क घालण्याची दुरुस्ती मांडली, १९३१ च्या कराची ठरावाचा दाखला दिला. बाबासाहेबांनी ती नाकारली. कोणीही बाजारात जाऊन हवी ती हत्यारे घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा, असे त्यांनी विचारले. स्वतंत्र देशात शस्त्र धरण्याचा हक्क नव्हे, कर्तव्य महत्त्वाचे, हेही बजावले.

याच बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये चातुर्वर्ण्याने खालच्या वर्णांना निःशस्त्र केले म्हणून ते बंड करू शकले नाहीत, असे मांडले होते. यात विसंगती शोधणाऱ्यांनी १९४१ ची महार रेजिमेंट आठवावी. शस्त्र हाती यावे ते राष्ट्राच्या सैन्यात, कायद्याच्या शिस्तीत. कारण शस्त्रबाजार खुला झाला तर आधी खरेदी कोण करील? ज्याच्याकडे पैसा, जमीन आणि जात आहे तो!

परवान्याचीही तीच गत. कलम १३ प्रमाणे अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. बिल्डरच्या जीविताला असलेला धोका त्या अहवालात लगेच उमटतो. गावकीने बहिष्कृत केलेल्या बौद्ध कुटुंबाचा धोका मात्र ‘किरकोळ वाद’ ठरतो. खैरलांजीच्या भोतमांगे कुटुंबावर २९ सप्टेंबर २००६ रोजी काय ओढवले, ते आपण विसरलेलो नाही.

याच ठिकाणी आपल्या हातात एक कलम आहे, जे कार्यकर्त्यांनाच काय, कित्येक वकिलांनाही माहीत नसते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ३. अत्याचारप्रवण म्हणून निश्चित केलेल्या क्षेत्रात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे शस्त्रपरवाने आवश्यक वाटल्यास रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे अमेरिकेकडे पाहायची गरजच नाही. हा मूलभूत हक्क नव्हे, पण शासनावर टाकलेली जबाबदारी आहे.

बंदुकीच्या मोहाबद्दल मात्र सावध राहावे लागेल. बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्यांवरील अत्याचाराचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हा पेढे वाटणारेही निघाले. मुलींना न्याय हवाच होता. पण खटल्याआधीची गोळी हा न्याय मानला, तर उद्या ती गोळी कोणत्या वस्तीकडे वळेल, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? अंबरनाथच्या आयुध निर्माणीत आपली माणसे घाम गाळतात. ते काम देशाच्या संरक्षणासाठी, गल्लीतल्या सुभेदारांसाठी नव्हे.

तेव्हा काम असे: नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. ती कधी झाली, नियम ३ खाली ठाणे जिल्ह्यात किती परवाने रद्द झाले, किती शस्त्रे जमा झाली, आपल्या किती अर्जदारांना परवाने मिळाले, हे माहिती अधिकाराखाली जिल्हाधिकारी आणि ठाणे पोलीस आयुक्त, दोघांनाही विचारा. अर्जाला शुल्क दहा रुपये. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील आम्ही लिहून देऊ.