पहिली कॅटमरान : आधी उलटवून बघा

कॅटमरानचे चित्र पाहिले की कोणत्याही कॅडेटचे मन तिच्यावर बसते. दोन अरुंद हल, त्यांच्यामध्ये ताणलेली जाळी, एक हल पाण्याबाहेर उचललेला आणि तारेला लटकून बाहेर झुकलेले दोघे खलाशी! शिडाची होडी शिकू पाहणारे आपल्यातील बरेच जण म्हणतात, "शिकायची तर कॅटमरानच, आणि घ्यायची तर होबी १६च." कॅटमरानला माझा विरोध नाही. पण पहिली होडी निवडताना आपण चुकीचा प्रश्न विचारतो, असे माझे मत आहे. "ती किती जोरात पळते?" असे आपण विचारतो. खरा प्रश्न असा आहे : "ती उलटली तर आम्ही दोघे ती सरळ करू शकतो का?"

'कॅटमरान' हा शब्द मूळचा आपल्या शेजारचा, तमिळ 'कट्टुमरम्', म्हणजे बांधलेले लाकूड. अर्थात ते ओंडक्यांचे तराफे होते. दोन हलांच्या होड्या पॅसिफिक महासागरातील बेटांवर वाढल्या. पण रुंदीच्या जोरावर होडी उलटू न देण्याची युक्ती आपल्या कोकणालाही ठाऊक आहे. रत्नागिरी-मालवणकडे अरुंद होडीला आडव्या दांड्यांनी बाजूला जोडलेले लाकूड असते, त्याला 'उलांडी' म्हणतात. सुट्टीत किनाऱ्यावर गेलात तर जरूर पाहा. कॅटमरानचे तत्त्व तिथे वाळूवरच समजते.

हे तत्त्व आपल्या अकरावीच्या भौतिकशास्त्रातलेच आहे. एका हलाची होडी वाऱ्याने हळूहळू कलते, अंगाखाली कळते, आणि शीड सैल सोडायला वेळ मिळतो. कॅटमरान रुंद असल्याने सुरुवातीला जवळजवळ कलतच नाही. नवख्याला वाटते, ही पडणारच नाही. पण वाऱ्याकडचा हल पाण्यातून सुटला की तिला सावरणारे बल तिथपर्यंतच वाढलेले असते. त्यानंतर ते कमी होऊ लागते. म्हणजे इशारा उशिरा मिळतो आणि वेळ थोडा उरतो. शिवाय उताराच्या वाऱ्यात पुढचे टोक लाटेत घुसले तर होडी कोलांटी खाते. आडवी झाल्यावरही कॅटमरान त्या स्थितीत स्थिर राहते. पूर्ण उपडी झाली तर डोलकाठी खाली जाते आणि उथळ तलावात गाळात रुतते.

आता आकडे पाहू. होबी १६ ही होबी ऑल्टर यांनी कॅलिफोर्नियात तयार केलेली होडी. लांबी १६ फूट ७ इंच, रुंदी ७ फूट ११ इंच, वजन सुमारे १४५ किलो. शर्यतीच्या नियमात दोघा खलाशांचे मिळून किमान वजन १२९ किलो ठरलेले आहे. नववीतील दोन कॅडेटांचे वजन प्रत्येकी ४५ किलो धरले तर बेरीज होते ९०. उलटलेली होडी सरळ करताना खालच्या हलवर उभे राहून, दोर धरून, पूर्ण अंग मागे टाकावे लागते. तिथे बायसेप्स उपयोगी पडत नाहीत, वजनच लागते. ९० किलोची जोडी कितीही हिंमतवान असली तरी भिजलेले शीड पाण्यातून उचलणे तिला फार जड जाईल. मग वाट पाहायची ती बचाव बोटीची. होडी उत्तम आहे, पण ती त्या दोघांची पहिली होडी नाही.

मग पहिली कोणती? माझ्या मते तेरा-चौदा फुटांची, साच्यात ओतलेल्या जाड प्लॅस्टिकची, शिडाखाली आडवा दांडा नसलेली कॅटमरान घ्यावी. होबी वेव्ह ही त्या जातीची : १३ फूट लांब, सुमारे १११ किलो. आडवा दांडा नसला की वळताना डोक्यावर आघात होत नाही. प्लॅस्टिकचा हल दगडावर घासला तरी फायबरसारखा तडकत नाही. डोलकाठीच्या टोकाला फ्लोट बसवावा, म्हणजे होडी आडवी होईल पण सहसा उपडी होणार नाही.

जुनी होडी घेण्यात कमीपणा नाही, मात्र तपासणी पलटणीतल्या किट-इन्स्पेक्शनसारखी कडक हवी. हलचा पृष्ठभाग अंगठ्याने दाबून पाहावा; फायबरचा हल दबला तर तो आतून सुटला आहे. डोलकाठी पेलणाऱ्या तारांचा एकही पदर तुटलेला चालणार नाही. जाळीची शिवण नखाने ओढून बघावी. बुचे लावून हल अर्धा तास पाण्यात ठेवावेत आणि मग किती पाणी शिरले ते मोजावे. आणि शेवटी, खरेदीपूर्वी काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून, जाणत्याच्या देखरेखीखाली ती मुद्दाम उलटवावी. दोर सैल करा, नाळ वाऱ्याकडे आणा, दोर धरून मागे झुका. दोघांना जमले तर होडी तुमची. नाही जमले तर पैसे खिशातच राहू द्या.

जागेचाही विचार हवा. आपल्या बेंगळुरूतला हलसूर तलाव सुमारे ५० हेक्टरचा. मधे बेटे, भोवती झाडे आणि इमारती. वारा झुळका देत, दिशा बदलत येतो. कॅटमरान वाऱ्याच्या तोंडावरून वळताना अडखळते आणि तिला मोकळे पाणी लागते. अशा तलावात ऑप्टिमिस्ट किंवा एंटरप्राइज अधिक शिकवते. कॅटमरानसाठी खडकवासल्यासारखे पसरलेले जलाशय किंवा गोव्याचा शांत ऋतूतला किनारा बरा. आणखी एक सूचना : होबी १६ची डोलकाठी सुमारे २६ फूट उंच आणि ॲल्युमिनियमची असते. ती उभी ठेवून होडी विजेच्या तारांखालून कधीही नेऊ नये. अशा अपघातांत जीव गेल्यामुळेच कंपनीने पुढे डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणारा केला.

काही जण म्हणतील, एवढी काळजी म्हणजे भित्रेपणा. सैनिकी शाळेत धाडस शिकवायचे की हिशेब? माझे उत्तर असे, की आपल्याच शहरात मद्रास सॅपर्सच्या सेलिंग क्लबला 'तृष्णा' हे नाव आहे. इंजिनिअर्स कोअरच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ मध्ये ३७ फुटी 'तृष्णा' घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली. भारतीयांची ती पहिली. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००६ मध्ये एकट्याने प्रदक्षिणा करण्याचे काम स्वीकारले, गोव्यात दिवाडी बेटावर 'म्हादेई' बांधून घेतली आणि ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले. मे २०१० मध्ये ते परतले. तयारीची तीन वर्षे, प्रवासाचे नऊ महिने! या माणसांना भित्रे कोण म्हणेल?

धाडस पाण्यात दाखवायचे असते, पण त्याचा हिशेब काठावरच करावा लागतो. आपल्याबरोबर होडीत बसणारा साथीदार आपल्या निवडीवर विश्वास ठेवून बसलेला असतो. त्याला आपल्या बळावर परत आणता येईल तीच आपली पहिली होडी. होबी १६ कुठे पळून जात नाही. वजन वाढेल, हात तयार होतील, तेव्हा तिच्यावर जरूर बसा.