देवाची योजना आणि आपली घाई

गेल्या महिन्यात एका मित्राची नोकरी गेली. प्रोजेक्ट बंद, दोन महिने बेंचवर, मग एचआरचा मेल. घराचा ईएमआय चालू, बायकोला सातवा महिना. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "काळजी करू नकोस रे, देवाची काहीतरी योजना असेल." तो नुसतं "हो" म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला. तेव्हापासून ते वाक्य मलाच टोचतंय.

वाक्य खोटं आहे असं नाही. मी ते मनापासून मानतो. पण ते कुणी, कधी बोलायचं याचा आपण विचारच करत नाही.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. पदरात लहानगी मनोरमा. डॉक्टर व्हायचं म्हणून 1883 मध्ये इंग्लंड गाठलं, तर कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण राहूनच गेलं. त्याच वर्षी तिथे बाप्तिस्मा घेतला, तर इकडची बरीच मंडळी दुरावली. पुढे 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती मिशन. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना आणून त्यांनी आसरा दिला.

आज मागे वळून बघितलं की सगळं कसं बरोब्बर जुळल्यासारखं वाटतं. दुष्काळात पोरकी झालेली मुलगी दुष्काळातल्या मुलींची आई झाली! पण आपल्याला हे दिसतं, कारण आपल्या हातात पूर्ण लॉग आहे. त्यांच्याकडे फक्त पुढचं पाऊल होतं. आणि त्यांचे आईवडील 'यासाठीच' गेले, असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. 1921 मध्ये मनोरमाही त्यांच्या आधी गेली. त्याचा हिशोब कुठे जुळवायचा? तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम त्यांनी सोडलं नाही. माझ्या मते भरवसा म्हणतात तो हाच. कारण कळलेलं नसताना काम चालू ठेवणं.

ईयोबाचे मित्र आठवतात ना? सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होतं. मग दुःखाची कारणं समजावून सांगायला लागले, आणि शेवटी देवाचाच राग ओढवून घेतला.

तेव्हा 'देवाची योजना' हे स्वतःच्या अडचणीत स्वतःला सांगायचं वाक्य आहे. दुसऱ्याच्या अडचणीत ते बरेचदा आपली सुटका करून घेण्यासाठी येतं. बोललं की झालं, घरी जायला मोकळे!

असो. उद्या त्याच्याकडे जातोय. रेझ्युमे नीट करू, आमच्या कंपनीत रेफरल टाकतो. योजनेबद्दल चकार शब्द काढणार नाही. त्या योजनेत माझ्या वाट्याला काही काम असेलच, तर ते बहुधा एवढंच असावं.