दत्तक कोणासाठी?

कित्तूरच्या देसायांनी १८२४ साली मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक कंपनी सरकारने नाकारला. तेव्हापासून दत्तकाच्या आड येणारे सरकार जुलमीच, अशी आम्हां बेळगाव-निपाणीकरांची समजूत. पन्नाशी उलटलेल्या निपुत्रिक दांपत्यांना संस्थेतून तान्हे मूल मिळत नाही, म्हणून देवळाच्या ओसरीवर आज तोच संताप. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात घेणाऱ्याच्या वयाला वरची मर्यादा नाही, हा त्यांचा आधार. खरे आहे. परंतु मुलगीही दत्तक घेता येते, हे त्याच कायद्याने मान्य केले. त्याचा उच्चार का नाही? २०२२ च्या नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दांपत्याच्या वयांची बेरीज ८५, तर आठ वर्षांवरील मुलासाठी ११० पर्यंत चालते. आम्ही विचारतो, नऊ वर्षांच्या पोरक्या मुलीस हात धरून आपल्या देवघरापर्यंत आणण्यास यांपैकी किती यजमान सिद्ध आहेत?